व्यवसायाचा कोड कुठे चुकतो? प्रश्न विचारण्यापासून पडताळणीपर्यंतचे टप्पे

कुठल्याही सर्वेक्षणाच्या अर्जांचा गठ्ठा उघडा आणि ‘व्यवसाय’ या रकान्यावरून नजर फिरवा. ‘नोकरी’, ‘कंपनीत’, ‘इंजिनिअर’, ‘स्वतःचा धंदा’, ‘ड्रायव्हर’, ‘बी.कॉम.’, ‘मॅनेजर’. यातल्या एकाही उत्तराला चार अंकी व्यवसाय-कोड खात्रीनं लावता येत नाही. तरीही कोड लागतात, तक्ते तयार होतात आणि ‘व्यवस्थापकांचं प्रमाण वाढलं’ असे निष्कर्ष छापले जातात. मूळ चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण कोड लागला की आकडा इतर आकड्यांसारखाच दिसतो.

सर्वेक्षणात काम करणारे, शोधनिबंधासाठी माहिती गोळा करणारे विद्यार्थी आणि संस्थांचे अहवाल लिहिणारे यांच्यासाठी हा लेख आहे. इथे कोडिंग म्हणजे उत्तराला वर्गीकरणातला अंक लावणं, प्रोग्रॅम लिहिणं नव्हे. आधार म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं ‘इस्को-०८’ हे व्यवसाय-वर्गीकरण घेतलं आहे, कारण अनेक देशांची वर्गीकरणं एक तर त्यावर उभी आहेत किंवा त्याला जोडता येतात.

## टप्पा १: आधी पाच गोष्टी वेगळ्या करा

व्यवसाय म्हणजे माणूस काय काम करतो. त्याच्या आजूबाजूला चार गोष्टी असतात आणि त्या सतत व्यवसायाच्या रकान्यात शिरतात.

उद्योग म्हणजे ती जागा काय पुरवते किंवा बनवते. रुग्णालयात नर्स असते, हिशेबनीस असतो, वाहनचालक असतो, सफाई कामगार असतो. उद्योग सगळ्यांचा एकच, व्यवसाय चौघांचे चार. उलट खाणीतला वाहनचालक आणि शाळेतला वाहनचालक यांचे उद्योग वेगळे, पण दोघं सारखंच वाहन चालवत असतील तर व्यवसाय एक. उद्योगासाठी ‘आयसिक’ हे वेगळं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे.

रोजगाराचं स्वरूप म्हणजे तो मालक आहे, पगारदार आहे, एकट्यानं काम करतो की घरच्या उद्योगात विनामोबदला हातभार लावतो. यासाठी २०१८ साली स्वीकारलेलं ‘आयसीएसई-१८’ हे वर्गीकरण आहे. स्वतःच्या दुकानात मोटारी दुरुस्त करणारा आणि दुसऱ्याच्या दुकानात पगारावर मोटारी दुरुस्त करणारा, दोघांचाही कोड मोटार मेकॅनिकचा, म्हणजे ७२३१.

शिक्षण ही माणसाची गोष्ट आहे, कामाची नव्हे. वैद्यकीय पदवी असलेला माणूस टॅक्सी चालवत असेल तर त्याचा कोड टॅक्सीचालकाचा, म्हणजे ८३२२.

पदनाम ही मालकानं दिलेली पाटी आहे. ती उपयोगी असते, पण पुरावा म्हणून एकटी पुरत नाही.

मराठीत अडचण आणखी वाढते, कारण ‘व्यवसाय’ हा शब्द आपण ‘धंदा’ या अर्थानंही वापरतो. म्हणून अर्जावर नुसतं ‘व्यवसाय’ लिहिलं की पगारदार माणूस प्रामाणिकपणे ‘नोकरी’ लिहितो आणि दुकानदार ‘व्यवसाय’ असंच लिहून मोकळा होतो. दोघांनीही रोजगाराचं स्वरूप सांगितलेलं असतं. यात चूक प्रश्नाची आहे, त्यांची नाही.

तपासा: तुमच्या अर्जात या पाचही गोष्टींना स्वतंत्र रकाना आहे का? नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा २: वर्गीकरण आणि आवृत्ती लिहून ठेवा

देशोदेशीची वर्गीकरणं एकसारखी नाहीत. भारताचं एनसीओ-२०१५ आठ अंकी आहे आणि त्याचे पहिले चार अंक इस्को-०८ च्या रचनेवर बेतलेले आहेत. अमेरिकेचं एसओसी २०१८ सहा अंकी असून त्यात ८६७ तपशीलवार व्यवसाय आहेत. ब्रिटनच्या एसओसी २०२० मध्ये ४१२ एकक गट, म्हणजे सर्वांत तपशीलवार पातळीचे गट, आहेत. कॅनडाचं एनओसी २०२१ पाच अंकी आहे. जर्मनीचं केएलडीबी २०१० सुद्धा पाच अंकी, पण त्याचा शेवटचा अंक कामाची काठिण्यपातळी सांगतो. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या अँझ्स्कोच्या जागी ओस्का हे नवं वर्गीकरण आणलं.

म्हणून नुसता ‘एसओसी कोड’ असा उल्लेख निरर्थक आहे, कारण अमेरिका आणि ब्रिटन दोघांच्या वर्गीकरणांचं नाव एसओसीच आहे. नुसता ‘इस्को’ही तितकाच अपुरा. उदाहरणासाठी २२२१ हा एकच अंक घ्या. इस्को-८८ मध्ये, म्हणजे इस्को-०८ च्या आधीच्या आवृत्तीत, तो डॉक्टरांचा, इस्को-०८ मध्ये परिचर्या व्यावसायिकांचा, म्हणजे नर्सचा, आणि ब्रिटनच्या एसओसी २०२० मध्ये फिजिओथेरपिस्टचा. फाइलवर आवृत्ती लिहिलेली नसेल तर या तिघांत फरक करायला काही साधन उरत नाही.

सावधान: दोन आवृत्त्यांचे कोड एकाच रकान्यात ठेवू नका, ‘तात्पुरतं’ म्हणूनसुद्धा. रकान्याच्या नावातच वर्गीकरण आणि साल घाला.

## टप्पा ३: अंकांची रचना समजून घ्या

इस्को-०८ मध्ये १० प्रमुख गट, ४३ उपप्रमुख गट, १३० लघु गट आणि ४३६ एकक गट आहेत. पहिला अंक प्रमुख गट सांगतो, पहिले दोन मिळून उपप्रमुख, पहिले तीन लघु आणि चारही मिळून एकक गट. प्रमुख गट असे:

१ व्यवस्थापक, २ व्यावसायिक तज्ज्ञ, ३ तंत्रज्ञ आणि सहायक तज्ज्ञ, ४ कारकुनी कामगार, ५ सेवा आणि विक्री, ६ शेती, वन आणि मत्स्य क्षेत्रातले कुशल कामगार, ७ कारागीर, ८ यंत्रचालक आणि जुळणी कामगार, ९ प्राथमिक स्वरूपाची कामं, ० सैन्यदलं.

गट दोन कसोट्यांवर पाडलेले आहेत. पहिली कौशल्यपातळी, तिच्या चार पायऱ्या आहेत. दुसरी कौशल्याचं क्षेत्र, म्हणजे कोणतं ज्ञान लागतं, कोणती साधनं वापरतात, कशावर काम करतात, काय तयार करतात. प्रमुख गट २ ला चौथी पायरी, गट ३ ला तिसरी, गट ४ ते ८ ला दुसरी आणि गट ९ ला पहिली. व्यवस्थापकांत तिसरी आणि चौथी, सैन्यदलांत पहिली, दुसरी आणि चौथी अशी विभागणी आहे.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. गट ४ ते ८ हा उतरत्या प्रतिष्ठेचा जिना नाही. कारकून, विक्रेता, शेतकरी, सुतार आणि बसचालक हे इस्कोच्या हिशेबानं एकाच, दुसऱ्या, पायरीवर आहेत. त्यांच्यात फरक आहे तो क्षेत्राचा. ‘४ म्हणजे ८ पेक्षा वरचं काम’ असं गृहीत धरून केलेलं विश्लेषण पायापासूनच चुकतं. असे तक्ते चांगल्या अहवालांतही पाहिले आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते आणि वाचन चुकीचं.

## टप्पा ४: प्रश्न नीट विचारा

कोडिंगची निम्मी लढाई इथे जिंकली किंवा हरली जाते. उत्तरात जे नाही ते कार्यालयात बसलेला कोडर कुठून आणणार?

एक प्रश्न पुरत नाही, किमान दोन हवेत. शब्दयोजना अशी ठेवता येईल:

1. मागच्या आठवड्यात तुमचं मुख्य काम कोणतं होतं? पदनाम असेल तर तेही सांगा.
2. त्या कामात तुम्हाला मुख्यतः काय काय करावं लागतं?
3. तुम्ही जिथे काम करता तिथे काय बनतं, विकलं जातं किंवा कोणती सेवा मिळते?

तिसरा प्रश्न उद्योगासाठी असला तरी व्यवसाय ठरवताना त्याचा मोठा आधार होतो. ‘सुपरवायझर’ हे उत्तर पाहा. खाणीत असेल तर ३१२१, कारखान्यात ३१२२, बांधकामावर ३१२३, दुकानात ५२२२.

एकाहून अधिक कामं असतील तर मुख्य काम कोणतं, हे माणसाच्या मनावर सोडू नका. आंतरराष्ट्रीय श्रम-सांख्यिकीत जिथे सर्वसाधारणपणे जास्त तास जातात ते मुख्य काम धरतात. कमाई किंवा मान जास्त असलेलं काम लोक आपोआप पुढे करतात, म्हणून तासांचा प्रश्न स्पष्ट विचारावा लागतो. दुसऱ्या कामाला वेगळा रकाना आणि वेगळा कोड द्या. दोन कामांची खिचडी करून एक कोड काढू नका.

प्रगणकाला एक सवय लावा: उत्तरात क्रियापद आलं का, ते बघणं. ‘शिक्षिका’ हे नाम झालं. ‘सात-आठ वर्षांच्या मुलांना सगळे विषय शिकवते’ यात काम आहे. ‘ड्रायव्हर’ नाम. ‘मालाचा मोठा ट्रक चालवतो’ यात काम आहे. क्रियापद आणि त्याचं कर्म मिळालं की कोडरचं बहुतेक काम झालंच.

आणि रकाना लांब ठेवा. वीस अक्षरांत कापलं जाणारं उत्तर घेऊन कुणीही न्याय करू शकत नाही.

सावधान: प्रगणकाला जागेवरच यादीतून कोड निवडायला लावत असाल तरी मूळ उत्तर शब्दांत नोंदवून घ्याच. कोड पुन्हा लावता येतो. न नोंदवलेलं उत्तर परत मिळत नाही.

तपासा: मोठ्या फेरीआधी चाळीस-पन्नास चाचणी उत्तरं घ्या आणि दोन व्यक्तींना स्वतंत्रपणे कोड लावायला सांगा. जिथे दोघं अडतात तिथे प्रश्नाची शब्दरचना बदला.

## टप्पा ५: फाइल आणि नियमवही तयार करा

हा टप्पा छोटा आहे, पण वगळला तर नंतर महागात पडतो.

कोडचा रकाना मजकूर म्हणून साठवा, संख्या म्हणून नव्हे. सैन्यदलातल्या अधिकाऱ्यांचा कोड ०११० आहे. स्प्रेडशीट तो संख्या समजली की शून्य गळून ११० उरतो, आणि मग तो व्यवस्थापकांच्या गटातला कापलेला कोड वाटतो. आठ अंकी भारतीय कोडमध्ये चार अंकांनंतर टिंब असतं. तिथे स्प्रेडशीट त्याला दशांश समजून शेवटची शून्यं खाते.

नियमवही म्हणजे आपल्या प्रकल्पात घेतलेल्या प्रत्येक निर्णयाची नोंद: उत्तर काय होतं, कोड कोणता दिला, कारण काय, तारीख कोणती. तिसऱ्या दिवशी ‘ऑपरेटर’बद्दल एक निर्णय आणि तेराव्या दिवशी दुसरा, असं होऊ नये यासाठी हाच एक उपाय आहे. कोडर अनुभवी असला तरी नोंद ठेवायचीच.

## टप्पा ६: कोड लावण्याचा क्रम

क्रम बदलू नका. बहुतेक चुका पाचवी पायरी पहिली केल्यामुळे होतात.

पहिली पायरी. पदनाम, कामाचं वर्णन आणि उद्योग ही तिन्ही उत्तरं एकत्र वाचा. पदनाम वाचून लगेच यादीकडे धावू नका.

दुसरी पायरी. मनातल्या मनात काम एका वाक्यात सांगा: ‘हा माणूस अमुक साधनानं अमुक गोष्ट करतो.’ वाक्य जमत नसेल तर उत्तर अपुरं आहे. थेट टप्पा ८ कडे जा.

तिसरी पायरी. पदनामांच्या वर्णानुक्रम सूचीत शोधा आणि मिळालेले सगळे पर्याय लिहून घ्या, पहिला सापडलेला नव्हे.

चौथी पायरी. प्रत्येक पर्यायाची व्याख्या उघडून वाचा. त्यातही ‘इतरत्र वर्गीकृत केलेले व्यवसाय’ हा भाग आधी वाचा. तिथेच शेजारच्या गटांशी असलेली सीमा लिहिलेली असते, आणि अननुभवी कोडर नेमका तोच भाग वाचत नाहीत.

पाचवी पायरी. आता कोड ठरवा आणि वरपासून खालपर्यंत पडताळा: प्रमुख गट पटतो का, उपप्रमुख पटतो का, लघु पटतो का. एका जरी पातळीवर नाव कामाला शोभत नसेल तर कोड चुकला आहे.

‘शिकवतो’ या एका शब्दावर हा क्रम लावून पाहा. प्राथमिक शाळेत शिकवणारा २३४१, माध्यमिक शाळेत २३३०, विद्यापीठात २३१०. संगणक वापरायला शिकवणारा प्रशिक्षक २३५६. खासगी संगीतशिक्षक २३५४. वर्गात शिक्षकाला मदत करणारी सहायक मात्र ५३१२, म्हणजे ती सेवा गटात गेली. मोटार चालवायला शिकवणारा ५१६५, तोही सेवा गटात. आणि विमान चालवायला शिकवणारा ३१५३, वैमानिकांच्या सोबत. क्रियापद एक, पण प्रमुख गट तीन. पदनामावरून चालणाऱ्या कोडरनं हे सगळे ‘शिक्षक’ म्हणून एका ठिकाणी टाकले असते.

हिशेबाच्या कामातही असंच आहे. हिशेबाची पद्धत आखणारा, लेखापरीक्षण करणारा, सल्ला देणारा २४११. लेखापालाच्या देखरेखीखाली संपूर्ण हिशेब ठेवणारा सहायक ३३१३. बिलं आणि नोंदी करणारा कारकून ४३११. तिघंही अर्जावर ‘अकाउंटंट’ लिहितात.

तपासा: कोड ठरवताना माणसाचं शिक्षण वाचून मत बदललं का? बदललं असेल तर परत कामाच्या वर्णनाकडे या. नर्सच्या बाबतीत इस्को-०८ हे स्पष्टच सांगतं: २२२१ (परिचर्या व्यावसायिक) आणि ३२२१ (परिचर्येतले सहायक तज्ज्ञ) यांतला फरक कामाच्या स्वरूपावरून करायचा, व्यक्तीजवळ कोणती पात्रता आहे हा मुख्य निकष नाही.

## टप्पा ७: हमखास अडणाऱ्या जागा

मिश्र कामं. एकाच नोकरीत दोन-तीन प्रकारची कामं असतील तर इस्कोचे नियम याच क्रमानं लावायचे. कामांना वेगवेगळ्या पातळीचं कौशल्य लागत असेल तर सर्वांत वरचं कौशल्य लागणारं काम धरायचं. कामं उत्पादन आणि वितरणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांतली असतील तर उत्पादनाला प्राधान्य द्यायचं. पाव भाजून तोच पाव विकणारा हा विक्रेता नव्हे, बेकर. पातळी आणि टप्पा दोन्ही सारखे असतील तरच ‘जास्त वेळ कशात जातो’ हा प्रश्न विचारायचा. पुष्कळ जण वेळेपासून सुरुवात करतात. तो शेवटचा नियम आहे.

व्यवस्थापक, पर्यवेक्षक आणि अनुभवी कामगार. ही सगळ्यात नाजूक सीमा आहे, कारण इथली चूक थेट मथळ्यात जाते. तीन प्रश्न विचारा. तो धोरण, अंदाजपत्रक, माणसं नेमणं यांचे निर्णय घेतो का? मग प्रमुख गट १. तो इतरांच्या रोजच्या कामाचं नियोजन, वाटप आणि देखरेख करतो, पण वरचे निर्णय त्याचे नाहीत? मग पर्यवेक्षक. तो मुख्यतः हाताखालच्यांच्या कामाचा तांत्रिक दर्जा पाहतो आणि स्वतःही तेच काम करतो? मग तो त्या कामगारांच्याच गटात. ‘अकाउंट मॅनेजर’ किंवा ‘ऑफिस मॅनेजर’ ही पाटी पाहून गट १ द्यायचा नाही.

छोटं दुकान चालवणारा बहुधा ५२२१, दुकानदार. माणसांचं आणि कारभाराचं व्यवस्थापन हा त्याच्या कामाचा मोठा भाग असेल तरच १४२०.

कारागीर की यंत्रचालक. गट ७ आणि ८ यांतला प्रश्न असा: त्या माणसाला वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी बनते हे माहीत असावं लागतं, की यंत्र कसं चालवायचं आणि त्यावर लक्ष कसं ठेवायचं हे? मापं घेऊन, कापड बेतून कपडा शिवणारा ७५३१. कारखान्यात शिलाई यंत्रावर एकच शिवण मारणारा ८१५३. शिंपीही यंत्र वापरतोच, म्हणून ‘मशीन वापरता का’ या प्रश्नानं काही सुटत नाही.

शेती. ‘शेती’ या उत्तराचे निदान चार अर्थ होतात. मुख्यतः बाजारासाठी पिकवणारा उपप्रमुख गट ६१ मध्ये. मुख्यतः घरच्या गरजेपुरतं पिकवणारा ६३ मध्ये. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणारा ९२ मध्ये. मोठ्या शेतीउद्योगाचा कारभार पाहणारा १३११. त्यामुळे पीक कुणासाठी आणि काम कुणाच्या शेतावर, हे दोन्ही विचारल्याशिवाय शेतीचा कोड लावू नका. घरातल्या स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच जपून करा. त्यांच्या कामाची माहिती बहुधा दुसराच कुणी देतो आणि ‘मदत करते’ एवढंच सांगतो. कोणती मदत? पेरणी, खुरपणी, जनावरांची देखभाल? उत्तर मिळालं की तिलाही तिच्या कामाचा कोड मिळतो.

शिकाऊ उमेदवार. इस्कोत शिकाऊ माणूस आज जे काम करतो त्याचा कोड घेतो, पुढे होणाऱ्या व्यवसायाचा नव्हे. अमेरिकेच्या एसओसीत नियम उलटा आहे: ज्या व्यवसायाचं प्रशिक्षण चालू आहे त्याच गटात टाकायचं. दोन देशांची तुलना करताना हा फरक विसरला जातो.

‘ड्रायव्हर’. दुचाकी ८३२१, मोटार, टॅक्सी, छोटी व्हॅन ८३२२, बस ८३३१, ट्रक ८३३२, ट्रॅक्टर ८३४१, क्रेन ८३४३, रेल्वे इंजिन ८३११. पायडल मारून चालवायची किंवा हातानं ढकलायची गाडी असेल तर ९३३१. वाहन विचारा, बाकी काही नको.

## टप्पा ८: माहिती अपुरी असेल तेव्हा

अपुरी माहिती आणि ‘इतर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गीकरणात ‘इतरत्र वर्गीकृत न केलेले’ असे गट असतात, उदाहरणार्थ २३५९ किंवा ९६२९. काम नीट कळलं आहे, पण त्याला स्वतंत्र गट नाही, अशांसाठी ते आहेत. काम कळलंच नाही, अशांसाठी नाहीत. तिथे संदिग्ध उत्तरं ओतली की तो गट फुगतो आणि त्यात खरोखर असणारे लोक हरवतात. प्रमुख गट ९ चीही तीच दुर्दशा होते: ‘मजूर’ शब्द दिसला की ९. पण विटांचं बांधकाम करणारा गवंडी ७११२, त्याला माल आणून देणारा ९३१३.

उत्तर अपुरं असेल तर जेवढं कळतं तेवढ्याच पातळीवर थांबा. प्रमुख गट २ नक्की, पुढचं कळत नाही, तर २ वर थांबा. चार अंकांची जागा भरायला शून्यं लावणार असाल तर एक अडचण लक्षात ठेवा: इस्कोत शेवटी शून्य असलेले खरे एकक गटही आहेत. २३१०, २३३०, ४११० हे अपुरे कोड नव्हेत. त्या लघु गटांत एकच एकक गट असल्यामुळे तिथे शून्य आलं आहे. म्हणून ‘किती पातळीपर्यंत खात्री आहे’ यासाठी १ ते ४ असा वेगळा रकाना ठेवणं जास्त सुरक्षित.

सावधान: अपुऱ्या उत्तरांना ‘सर्वांत संभवनीय’ कोड देण्याचा मोह टाळा. संभवनीयता शेवटी कोडरच्या डोक्यातल्या समजुतीवर ठरते, आणि बाई म्हटलं की नर्स, पुरुष म्हटलं की डॉक्टर, हे तिथूनच येतं.

## टप्पा ९: यंत्राची मदत आणि पडताळणी

आपोआप कोड लावणारी साधनं आहेत. ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाचं कॅस्कॉट, अमेरिकेत निऑश या कामगार-सुरक्षा आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचं निऑक्स ही त्यातली परिचित. ती उपयोगी पडतात, विशेषतः ठरावीक स्वरूपाच्या उत्तरांसाठी. पण ती ज्या भाषेच्या आणि ज्या देशाच्या सूचीवर बेतली आहेत तिथेच नीट चालतात. उत्तरांचं भाषांतर करून मग यंत्राला दिलं तर भाषांतराची चूक कोडमध्ये मुरते आणि नंतर वेगळी काढता येत नाही.

यंत्र वापरायचं तर खात्रीची मर्यादा आधी ठरवा. तिच्या वरची उत्तरं यंत्राची, खालची माणसाची. आणि वरच्यांतूनही यादृच्छिक नमुना काढून माणसाकडून तपासून घ्या, कारण यंत्र पूर्ण खात्रीनंही चुकतं.

माणसांच्या कोडिंगची पडताळणी अशी करा. काही अर्ज दोन कोडरांना एकमेकांचे कोड न दाखवता द्या. जुळणी चारही पातळ्यांवर वेगवेगळी मोजा, कारण एका अंकावर जुळणारे चार अंकांवर बरेचदा जुळत नाहीत. योगायोगानं होणारी जुळणी वजा करायची असेल तर कोहेनचा कप्पा हा जुळणीचा सांख्यिकी निर्देशांक काढा. पण आकडा काढून थांबू नका. न जुळलेली प्रत्येक जोडी दोघांना समोरासमोर बसवून सोडवा आणि निर्णय नियमवहीत लिहा. कोडर सुधारतो तो या बैठकीत.

मग आडवे-उभे तक्ते काढा: व्यवसाय आणि शिक्षण, व्यवसाय आणि उद्योग, व्यवसाय आणि वय. पंधरा वर्षांचा विशेषज्ञ डॉक्टर दिसला तर काहीतरी बिघडलं आहे. पण अशा नोंदी आपोआप दुरुस्त करू नका. फक्त खूण करा आणि मूळ उत्तर पुन्हा वाचा. पदवीधर सफाई कामगार ही चूक नसू शकते, आणि नेमकी तीच माहिती गोळा करायला तुम्ही निघालेला असता.

तपासा: ‘इतर’ गटांचा वाटा कोडरनिहाय काढा. एखाद्याचा वाटा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त असेल तर त्याच्याशी बोला.

## टप्पा १०: जुन्या आकड्यांशी जोडताना

इस्को-८८ मध्ये ३९० एकक गट होते, इस्को-०८ मध्ये ४३६. दोहोंना जोडणारी तुलनासारणी उपलब्ध आहे, पण ती सगळीकडे एकास एक नाही. एक जुना गट तीन नव्या गटांत फुटतो, दोन जुने एका नव्यात मिसळतात. इस्को-८८ मधला संगणक व्यावसायिकांचा २१३ हा लघु गट नव्या आवृत्तीत २५१ आणि २५२ मध्ये विभागला गेला. छोट्या उद्योगांच्या व्यवस्थापकांचा १३ हा जुना गट त्या रूपात राहिलाच नाही. त्यातले काही व्यवस्थापकांतच राहिले, काही दुकानदार झाले. जुन्या गट ३ मधले सहायक दर्जाचे शिक्षक गट २ मध्ये आले.

यातल्या शेवटच्या दोन बदलांचा परिणाम काय होतो ते बघा. आवृत्ती बदललेल्या वर्षी व्यवस्थापक घटल्यासारखे आणि तज्ज्ञ वाढल्यासारखे दिसू शकतात, आणि त्या वर्षी एकाही माणसानं काम बदललेलं नसतं.

उपाय एकच आणि कष्टाचा: एका वर्षाच्या उत्तरांचा पुरेसा मोठा नमुना दोन्ही आवृत्त्यांत कोड करा. त्यातून जुना गट नव्या गटांत कोणत्या प्रमाणात वाटला जातो ते काढा आणि तेच प्रमाण जुन्या मालिकेला लावा. हे प्रमाण स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगळं काढा, कारण एकाच जुन्या गटातून ते बहुधा वेगवेगळ्या नव्या गटांत जातात. टप्पा ४ मध्ये मूळ उत्तरं शब्दांत जपायला सांगितली ती याचसाठी. ती नसतील तर दुहेरी कोडिंग शक्यच नाही.

दुहेरी कोडिंग करता आलं नाही, तर आलेखावर त्या वर्षापाशी रेघ तोडा आणि खाली लिहा: ‘इथे वर्गीकरण बदललं आहे, आधीचे आणि नंतरचे आकडे थेट तुलनेसाठी नाहीत.’